खानदेशातलं बंद घर विकत घेताना: आधी माणसं, मग कागद, मग भिंती

चोपडा, अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, रावेर. कुठल्याही गावाच्या जुन्या पेठेत जा, गंजलेल्या कुलपाचं एखादं घर दिसतंच. मुलं सुरतेला नाहीतर पुण्याला स्थिरावली, म्हातारी माणसं गेली, घर तेवढं मागं राहिलं. अशी घरं गुंतवणूक म्हणून घेणारे बरेच आहेत आणि त्यातले बहुतेक जण एकाच जागी चुकतात: ते दाराशीच इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देतात. सागाच्या तुळया बघितल्या, गावात राहिलेला एक भाऊ ‘घ्या’ म्हणाला, लगेच रक्कम हातावर ठेवली. वारस, उतारे, मोजणी सगळं नंतर. मग घर नावावर होत नाही आणि पैसेही परत येत नाहीत.

पहिल्या घराला मी असाच चुकलो. चारही भावांच्या सह्या घेतल्या. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. खरेदीनंतर सहा महिन्यांनी तिच्या मुलांची नोटीस आली. पुढची चार वर्षं ते घर मला पाडताही आलं नाही आणि विकताही आलं नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्यावर पैसा खर्च करू नका.

## टप्पा १: घर बंद का पडलं, हे आधी काढा

दलालाला विचारू नका. शेजारच्या ओट्यावर बसा, समोरच्या किराणा दुकानात बसा, चहा घ्या. दोन दिवसांत खरं कारण कळतं. कारणावरून पुढं जायचं की तिथंच थांबायचं ते ठरतं.

घरचे बाहेरगावी गेले असं कारण असेल तर पुढं जायला हरकत नाही.

भाऊबंदकी असेल तर आधी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात दावा चालू आहे का ते बघा. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून शोध घेता येतो. नावाची तीन-चार स्पेलिंग टाकून बघा. पाटील, महाजन, चौधरी अशा आडनावांत एका शोधात काही हाती लागत नाही.

वारसच उरला नाही असं सांगत असतील तर ‘मग विकतोय कोण?’ एवढंच विचारा. हिंदू वारसा कायद्यानुसार कुणीच वारस नसलेली मिळकत शासनाकडं जाते. दूरचा भाचा ‘मीच सगळं बघतो’ म्हणत असला तरी बघणं म्हणजे मालकी नव्हे.

बुडीत क्षेत्र ही खानदेशातली खास अडचण आहे. हतनूर, उकाई, सरदार सरोवर, पाडळशाचा निम्न तापी प्रकल्प यांच्या पाण्याखाली गेलेली किंवा जाणार म्हणून संपादित झालेली गावं आपल्याकडं बरीच आहेत. मोबदला घेऊन झालेला असतो, भिंती उभ्या असतात आणि कुणीतरी त्या विकायला काढतो. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या गावात घर बघत असाल तर ते पूररेषेच्या आत आहे का तेही पाटबंधारे विभागात विचारा.

रस्ता रुंदीकरण म्हणूनही घर बंद ठेवलेलं असतं. सुरत–नागपूर महामार्गालगतच्या गावांत भूसंपादनाची नोंद तपासा. नगरपरिषद हद्दीत झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा काढा. अर्धं घर रस्त्याच्या रेषेत असेल तर ते नकाशावर दिसतं, जागेवर दिसत नाही.

शेवटचं कारण ‘ते घर लाभत नाही’. तुमचा यावर विश्वास नसेल, पण उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याचा असू शकतो. गुंतवणूक म्हणून घेताय ना, मग गावात घराचं नाव काय पडलंय हेही किमतीत धरावं लागतं.

> थांबा. घर किंवा जागा आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे (आदिवासींची जमीन दुसऱ्याकडं जाण्यावरचे) निर्बंध लागू होतात का, हे वकिलाकडून लेखी घ्या. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, साक्री आणि शिरपूर तालुक्यातली गावं, तसंच चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली सातपुड्याकडची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं हा प्रश्न सगळ्यात आधी.

## टप्पा २: वंशावळ मांडा, सगळे वारस शोधा

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. कागदावर शेवटचं ज्याचं नाव आहे तिथून सुरुवात करायची. बहुतेक वेळा तो माणूस वारून वीस-तीस वर्षं झालेली असतात. त्याच्या खाली झाड काढा: बायको, मुलगे, मुली. मुलांपैकी कोण वारलं, त्याची बायको, त्याची मुलं-मुली. दोन बायका होत्या का, कुणी दत्तक गेलं किंवा आलं का. प्रत्येक नावापुढं हयात की मयत, वय आणि राहण्याचं गाव लिहा.

गावात अजून ऐकू येतं, “बहिननी सही कसाले लागस? तिना लगनमा देल शे ना सगळं.” लग्नात दिलं म्हणून वाटा संपत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. जुन्या नोंदणीकृत वाटण्या मात्र त्यानं उलटत नाहीत, त्यामुळं वाटणीपत्र असेल तर त्याची प्रत मागा. मुस्लिम कुटुंबात वाट्यांचा हिशेब वेगळा असतो, पण मुलीचा वाटा तिथंही असतोच. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही. तिथं वकिलाला विचारूनच झाड पुरं करा.

सगळ्यांना गाठायचं कधी? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवीच्या सणाला भाऊबंद सुरतेहून, पुण्याहून, नाशकाहून रोटासाठी (कुळाच्या नैवेद्यासाठी) गावी येतात. एरवी फोनवर दोन महिन्यांत होत नाही ते या दोन सणांच्या आसपास एका दुपारी होतं. सणाच्या दिवशी व्यवहाराचं काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निरोप घेण्याआधी सगळ्यांना ओसरीवर बसवा आणि वंशावळ मोठ्यानं वाचून दाखवा. राहिलेलं नाव तिथं एखादी म्हातारी आजी बरोबर सांगते. माझ्या दुसऱ्या घराला असंच झालं. मोठ्या जिभाऊंनी अकरा नावं दिली होती, आजीबाईंनी बारावं सांगितलं.

एका वारसाचा वाटा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. ‘एकाचा घेऊन ठेवू, बाकीचे येतीलच’ हा सल्ला दलाल हमखास देतात. राहत्या घरातला अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा परक्यानं घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार त्याला कुटुंबासोबत एकत्र ताबा मागता येत नाही. त्यानं वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ नुसार इतर हिस्सेदार त्याचाच हिस्सा विकत घ्यायला पुढं येऊ शकतात. म्हणजे पैसे आपले, चकरा आपल्या आणि घर त्यांचं.

वारसांपैकी कुणाला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर लिहिलेलं ‘संमतीपत्र’ इथं चालत नाही. आणि हक्कसोड होतो तो दुसऱ्या हिस्सेदाराच्या नावानं. खरेदीदाराच्या नावानं नाही. माझ्या मते सगळ्यात सरळ वाट एकच: सगळ्या वारसांनी मिळून एकाच खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही करायची.

अठरा वर्षांखालचा वारस असेल तर व्यवहार पुढं रेटू नका. त्याच्या नावच्या हिश्शासाठी पालकाला न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागते. नाही घेतली तर तो सज्ञान झाल्यावर विक्रीला आव्हान देऊ शकतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता विकत असेल तर नियम थोडे वेगळे आहेत, पण तिथंही वकिलाचं मत लेखी हवं.

> तपासा. वंशावळीतल्या प्रत्येक मयताचा मृत्यू दाखला आहे का? प्रत्येक हयात वारसाशी तुम्ही स्वतः बोललात का? वारसाबद्दल वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागा. तो मिळेपर्यंत टप्पा ३ चा खर्च करू नका.

## टप्पा ३: कागद, आणि कुठला कागद काय सांगतो

आपल्याकडं काळी आणि पांढरी असा फरक करतात: काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. काळीला सातबारा असतो. पांढरीतल्या घराला तो नसतो, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

नमुना ८ चा उतारा. ग्रामपंचायतीची ही कर आकारणीची नोंद. घरपट्टी कुणाकडून घ्यायची एवढंच तिच्यातून कळतं. मालकीचा तो पुरावा नाही. गावात राहिलेल्या भावानं घरपट्टी भरून स्वतःचं एकट्याचं नाव लावून घेतल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. नगरपरिषदेच्या असेसमेंट उताऱ्याचंही तेच.

मालमत्ता पत्रक. नगर भूमापन झालेल्या गावात-शहरात भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतं. मालकीसाठी भरवशाची नोंद ही. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोननं गावठाणं मोजली गेली, त्यामुळं आता बऱ्याच खेड्यांतही पत्रक निघतं. पण बंद घराच्या बाबतीत एक काळजी घ्या. मोजणीच्या वेळी दाराशी कुणीच नव्हतं, तर नाव ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून लागलेलं असू शकतं आणि हद्द शेजाऱ्यानं दाखवली तशी पडलेली असू शकते. म्हणून पत्रकासोबत चौकशी नोंदवहीचा उताराही काढा. हक्क कशाच्या आधारावर लावला ते तिथं लिहिलेलं असतं.

जागेचा प्रकार. सत्ताप्रकार नीट वाचा. गावठाण विस्तारातला शासनानं दिलेला भूखंड, घरकुल योजनेतली जागा किंवा भोगवटादार वर्ग-२ ची नोंद असेल तर अटी-शर्ती असतात आणि विक्रीला बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीआधी केलेली खरेदी शर्तभंगात जाते.

मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र. झेरॉक्स नको, मूळ बघा. मूळ ‘सापडत नाही’ म्हणत असतील तर ते कुठल्या बँकेत किंवा पतसंस्थेत तारण असू शकतं. कागद ठेवून घेतलेलं कर्ज प्रत्येक वेळी उताऱ्यावर बोजा म्हणून दिसतंच असं नाही. विकास सोसायटीतही चौकशी करा, आणि कुटुंबातला कुणी कुणाला जामीन राहिला होता का तेही विचारा.

३० वर्षांचा शोध. दुय्यम निबंधक कार्यालयात वकिलामार्फत सूची क्रमांक २ चा (नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीचा) शोध घ्या आणि शोध अहवाल लेखी घ्या. अलीकडच्या वर्षांचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या घेता येतो, पण जुन्या घरांचे व्यवहार जुन्या वह्यांत असतात.

जाहीर सूचना. जिल्ह्यात चालणाऱ्या दैनिकात मुदत देऊन हरकती मागवा. वारसांपैकी निम्मे सुरतेत असतील तर तिथल्या दैनिकातही द्या. हा खर्च वाचवायला जाऊ नका. सूचनेचं कात्रण आणि पावती जपून ठेवा.

> नेहमीची चूक. कागदावरची चतुःसीमा जुन्या माणसांच्या नावानं असते: पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ. ती घरं आता दुसऱ्यांची आहेत, बोळात कुणीतरी न्हाणी बांधली आहे. चतुःसीमा हातात घेऊन घराभोवती स्वतः फिरा.

## टप्पा ४: मोजणी, शेजारी आणि आतला माणूस

कुलूप आहे म्हणजे घर मोकळं आहे असं समजू नका. मागच्या खोलीत कुणाचा कडबा असतो, परसात कुणाच्या म्हशी बांधलेल्या असतात, पुढच्या खणात एखादा शिंपी चाळीस वर्षं बसलेला असतो. शिंपी भाडेकरू असेल तर त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण असू शकतं. मालक बदलला म्हणून तो निघत नाही. कडबावाला शेजारी बारा वर्षांहून जास्त काळ उघडपणे, मालकाला न जुमानता वापरत असेल तर विरुद्ध कब्जाचा दावा करू शकतो. दोघांचंही प्रकरण विकणाऱ्यानं खरेदीआधी मिटवायचं. ‘तुम्ही घ्या, मी त्याला काढतो’ यावर जाऊ नका.

मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना हजर राहायला सांगा. हद्दीच्या खुणा सगळ्यांसमोर पडल्या की पुढची भांडणं अर्धी मिटतात. क्षेत्राचा हिशेब स्वतः करा, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. समजा नमुना ८ वर १०८० चौरस फूट लिहिलंय आणि मोजणीत ९२ चौरस मीटर भरलं. म्हणजे ९९० चौरस फूट. नव्वद फुटांचे पैसे तुम्ही हवेचे देणार होतात.

जुन्या पेठेत घरं एकमेकांना चिकटून असतात, भिंत सामाईक असते. शेजाऱ्याच्या धाब्याचे (मातीच्या सपाट छपराचे) सर, म्हणजे आडवी लाकडं, तुमच्या भिंतीत बसलेले असले तर उद्या तुम्हाला ती भिंत एकट्याच्या मर्जीनं पाडता येणार नाही. त्यांच्या पन्हाळाचं पाणी तुमच्या चौकात पडतं का, तुमच्या परसातून त्यांची जायची वाट आहे का, कुणाची खिडकी तुमच्याकडं उघडते का, हे सगळं लिहून काढा. वीस वर्षं विनातक्रार चाललेली वाट किंवा उजेड हा सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरचा वापराचा हक्क, होऊ शकतो.

> एक साधी कसोटी. ट्रॅक्टर ट्रॉली दारापर्यंत येते का? येत नसेल तर डबर (पाडकामाचा राडारोडा) बाहेर काढायला आणि वाळू-विटा आत आणायला पाट्या डोक्यावर वाहाव्या लागतील. बोळातल्या घराची किंमत माझ्या हिशेबात तिथंच उतरते.

## टप्पा ५: भिंती आणि धाबं

घर दोनदा बघा, एकदा उन्हात आणि एकदा भर पावसाळ्यात. सोबत जुन्या मातीकामातला गवंडी आणि सुतार घ्या. नुसता काँक्रीटमधला इंजिनिअर पुरत नाही.

आत शिरण्याआधी दार उघडून अर्धा तास थांबा. बॅटरी, बूट आणि काठी हवी. वर्षानुवर्षं बंद खोल्यांत नाग-घोणस निघतात, परिसरातल्या सर्पमित्राचा नंबर जवळ ठेवा. परसातला आड आणि संडासाचा खड्डा फळ्यांनी झाकलेला असतो, त्यावर पाय देऊ नका. जमिनीखालच्या बळदात (धान्याच्या कोठारात) एकट्यानं उतरू नका. बंद हवेत माणूस गुदमरतो.

धाबं. दरवर्षी पावसाआधी वर माती टाकायची पद्धत, त्यामुळं थर वाढत जातो आणि खालच्या लाकडावरचा भार वाढतो. घर बंद पडल्यावर वर गवत, रोपटी उगवतात आणि मुळांच्या वाटेनं पाणी उतरतं. ओलं धाबं भलतंच जड होतं. पावसाळ्यात त्यावर चढू नका, खालून बघा. तुळई मधे वाकली आहे का, पाट काळे पडलेत का, माती कुठं गळते.

लाकूड. वरून ठणठणीत दिसणारी सागाची तुळई भिंतीत शिरते त्या टोकाला आधी कुजते. तिथं सळईनं टोचून बघा आणि हातोडीनं वाजवा. बद्द आवाज आला किंवा सळई आत गेली तर तो नग किमतीतून वजा. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबाच्या मागच्या अंगाला शोधा.

भिंती. पांढऱ्या मातीची भिंत जाड असते, उन्हाळ्यात घर गार राहतं, पण पायाशी ओल धरली की खालून झडते. लोणा (ओलीनं भिंतीवर येणारा खार) किती उंचीपर्यंत चढलाय ते बघा. भिंतीला पोट आलंय का ते ओळंबा लावून बघा. तडा दिसला तर त्यावर सिमेंटची पातळ पट्टी मारून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत पट्टी तडकली तर तडा अजून चालू आहे. काळ्या मातीच्या पट्ट्यात हे हमखास करा, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, पाया तिच्यासोबत हलतो.

पालिकेनं धोकादायक इमारत म्हणून नोटीस काढली आहे का तेही विचारा. खरेदीनंतर पडझड होऊन कुणाला इजा झाली तर मालक म्हणून तुम्हीच उत्तर द्याल.

## टप्पा ६: किंमत बसवा

आता पैशाचं बोला. जागेचा भाव त्याच गल्लीतल्या अलीकडच्या दोन-तीन नोंदणीकृत खरेद्यांवरून काढा, गावातल्या गप्पांवरून नाही. त्यात चांगल्या लाकडाची, दगडाची, विटांची किंमत मिळवा. मग पाडकाम, डबर वाहून नेणं, मोजणी, वकील, मुद्रांक, थकीत घरपट्टी आणि घर हाती येईपर्यंत अडकलेल्या पैशाचं व्याज वजा करा. हे शेवटचं सगळे विसरतात. बारा वारसांचा व्यवहार दोन महिन्यांत होत नाही, वर्ष धरा.

परत काय मिळणार हेही प्रामाणिकपणे बघा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल पट्ट्यात केळीच्या व्यापाऱ्यांना आणि मजुरांना जागा लागते. बाजारपेठेतल्या घराला पुढं दुकानाचे गाळे निघतात. तालुक्याच्या गावी शिक्षक आणि बँकेतली माणसं भाड्यानं राहतात. लहान खेड्यातल्या बोळातल्या घराला मात्र भाडेकरू मिळत नाही. ते स्वस्त असलं तरी गुंतवणूक म्हणून मी घेणार नाही.

पाडून नवं बांधायचं असेल तर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणं त्या प्लॉटवर किती बांधता येईल ते आर्किटेक्टकडून आधीच काढून घ्या. अरुंद, लांबट प्लॉटवर समोरचं अंतर सोडलं की उरतं किती, यावर सगळा हिशेब बसतो.

> करातला सापळा. पडक्या घराचा सौदा शासकीय मूल्यापेक्षा खाली ठरतो. मुद्रांक दोन्हींतल्या जास्त रकमेवर लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फरक ५० हजार आणि सौद्याच्या १० टक्के यांतल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त असेल तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून आयकर लागतो. सौदा ८ लाख आणि शासकीय मूल्य ११ लाख, तर ३ लाख तुमच्या उत्पन्नात. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून घसारा धरून केलेलं मूल्यांकन सौद्याआधी घ्या.

## टप्पा ७: इसार, साठेखत, खरेदीखत

इसार आत्ता, या टप्प्यावर द्यायचा. तोही चेकनं किंवा बँकेतून, आणि शक्यतो प्रत्येक वारसाच्या खात्यावर त्याच्या वाट्याप्रमाणं. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे. ‘मोठ्या भावाकडं द्या, तो वाटेल’ असं म्हणाले तरी देऊ नका. वाटला नाही तर बाकीचे तुमच्याच दारात येतात.

साठेखत, म्हणजे पुढं खरेदी करण्याचा करार, नोंदणीकृत करा. त्यात सगळ्या वारसांची नावं, मुदत, कुणी एक फिरला तर इसार कसा परत होणार, भाडेकरू आणि थकबाकी कोण मिटवणार हे लिहा. ताबा दिल्याचं साठेखतात लिहिलं तर पूर्ण मुद्रांक तेव्हाच लागतो, हे ध्यानात असू द्या.

सुरतेतला किंवा परदेशातला वारस येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागतं. ते त्यानं तो राहतो तिथल्या निबंधकापुढं करायचं. परदेशात असेल तर भारतीय वकिलातीत. महाराष्ट्राबाहेर केलेल्या कागदावर इथला फरकाचा मुद्रांक भरावा लागतो का ते बघा. आणि खरेदीच्या सकाळी त्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोला. लिहून देणारा वारला की साधारणपणे मुखत्यारपत्रही संपतं.

खरेदीखतात मोजणीप्रमाणं क्षेत्र, आजच्या नावांची चतुःसीमा, सामाईक भिंतीचा आणि वाटेचा उल्लेख, लाकूड-दगडासह विक्री हे सगळं यायला हवं. देवघराचंही आधी विचारा. काही घराण्यांचा कुळधर्म त्याच घरात होतो. देव हलवायला त्यांना मुहूर्त लागतो. तो मिळू द्या, पण तारीख कागदावर घ्या. घर फक्त घरातल्या बाईच्या नावावर घेत असाल तर निवासी मिळकतीला मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला हजर करावा लागतो, तेव्हा ‘उरलेली एक सही नंतर’ म्हणत सोडून येऊ नका.

## टप्पा ८: ताबा आणि त्यानंतरचे दोन महिने

ताबा पंचांसमोर घ्या. रिकाम्या खोल्यांचे फोटो-व्हिडिओ काढा, ताबा पावतीवर शेजाऱ्यांना साक्षीदार घ्या, त्याच दिवशी कुलूप बदला. महिन्याभरात कुणीतरी पुन्हा कडबा टाकतो. म्हणून आठवड्याला एक चक्कर हवी.

मालमत्ता पत्रकावर फेरफाराचा अर्ज द्या आणि मंजूर झालेली नोंद हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. नुसती पोच पुरत नाही. ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नाव लावा. महावितरणचं जुनं मीटर कायमचं तोडलेलं असेल तर मागची थकबाकी काढून विकणाऱ्याकडून भरून घ्या. नवं कनेक्शन मागायला गेलात की ती समोर येते.

पाडकाम करायचं असेल तर फेब्रुवारी ते मे. आधी शेजारच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा, शेजाऱ्याला दाखवून सही घ्या, त्याच्या सरांना टेकू द्या, आणि मग वरून खाली उतरत या. जेसीबीनं एका धक्क्यात पाडायला गेलात तर सामाईक भिंत तुमच्यासोबत येते. निघालेलं सागाचं लाकूड गावाबाहेर न्यायच्या आधी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा. जुनं आहे, घरचं आहे, या सबबीवर नाक्यावर गाडी सुटत नाही.

खोदताना हंडा किंवा नाणी निघाली तर काम थांबवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मजुरांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

लगेच काही बांधायचं नसेल तर मृगाआधी निदान एवढं करा: धाब्यावरची रोपटी मुळासकट काढा, पन्हाळ मोकळे करा, वर ताडपत्री नाहीतर पत्रे टाका आणि भिंतीच्या पायाशी साचणारं पाणी बोळाकडं उतार देऊन बाहेर काढा.